दाराआडचा टॉवर

सासुरवाडीला येऊन अभ्यास करणारा जावई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे जावई आमच्या सौंसर गावी येत ते वडाभात खायला, दुपारी ताणून द्यायला आणि जाताना आढेवेढे घेत संत्र्यांची टोपली सोबत न्यायला. आमच्या शेजारच्या काकाजींचे जवाईबापू मात्र दर हिवाळ्यात एक जाडजूड पुस्तक, एक होकायंत्र आणि भेदरलेला चेहरा घेऊन येत. मूळचे पांढुर्ण्याचे, धंद्यानं वैमानिक. नागपूरच्या एका शेटजींचं दोन इंजिनांचं लहानसं विमान ते चालवत. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे विमान चालवणारा जावई म्हणजे अपूर्वाईच होती. लोहीखेड्याहून, मोहगावहून लोक काहीतरी काम काढून त्यांना बघायला येत आणि निराश होऊन जात, कारण दिसायला ते थेट तहसिलीतल्या बाबूसारखे होते.

विमान चालवायचा परवाना एकदा मिळाला की कायमचा, असं मला वाटायचं. तसं नसतं. ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा समोरच्या तबकड्यांवरचे काटे बघून आणि रेडिओवरून विमानतळावरचा टॉवर सांगेल ते ऐकून उडावं लागतं. त्याची परवानगी निराळी, आणि ती दरवर्षी परीक्षा देऊन नवी करावी लागते. परीक्षेत वैमानिकाच्या कपाळावर झापड बांधतात, म्हणजे काचेबाहेरचं काही दिसू नये. या प्रकाराला जवाईबापू 'रिन्यूअल' म्हणत आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज श्राद्धाबद्दल बोलावं तसा खाली जाई.

या रिन्यूअलपायी त्यांनी एक तत्त्वज्ञान बनवलं होतं. "मास्तर, आंग खोटं बोलते. काटा खरं बोलते," हे त्यातलं मुख्य सूत्र ते मला, गावच्या शाळामास्तराला, ऐकवत. ढगात विमान सरळ चाललेलं असतं आणि अंगाला वाटतं की वळतंय. अशा वेळी ज्यानं अंगावर विश्वास ठेवला तो संपला. इथवर ठीक होतं, पण जवाईबापूंनी ते जमिनीवरही लागू केलं. घड्याळात बारा वाजल्याशिवाय त्यांना भूक लागत नसे. हुडहुडी भरली तरी ओसरीच्या भिंतीवरचा पारा बघितल्याशिवाय स्वेटर घालत नसत. एकदा चांगले तापानं फणफणले होते, पण घरात ताप मोजायचं थर्मामीटर सापडेना, म्हणून संध्याकाळपर्यंत आपण ठणठणीत आहोत असंच ते सगळ्यांना सांगत राहिले. "घाबरला होतात का हो कधी वर?" असं कुणी विचारलं, तर म्हणत, "घाबरलो हे कोन्त्या काट्यावर दिसते? नाही दिसत. मंग नाही घाबरलो."

स्कूटर सुरू करण्याआधी ते विमानासारखी सगळी तपासणी करत. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी लहानपणापासूनची शेजारीण, मागे बसून एकेक नाव पुकारायची आणि ते हात लावून "आहे" म्हणायचे. ब्रेक, आहे. आरसा, आहे. पेट्रोल, आहे. बायको, आहे. एका शनिवारी आम्ही सगळे जामसांवळीला निघालो, तर त्यांचं हे आटोपेपर्यंत बाकी मंडळींचं दर्शन होऊन गेलं होतं. तिथे निजलेल्या मारुतीसमोर हात जोडून ते माझ्या कानाशी लागले. "पाहा मास्तर, समुद्र ओलांडला, पहाड आनला. पन कोनी विचारलं का यायले, का बाप्पा, रिन्यूअल कुठी आहे?" आणि एवढा मोठा उसासा टाकला की पुजाऱ्यानं त्यांना जास्तीचा प्रसाद दिला.

जवाईबापूंना आयुष्यात एकच सल होता, आणि तो म्हणजे काकू, त्यांच्या सासूबाई. आमच्याकडच्या जुन्या घरांत सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. काकू ही रीत कडक पाळत. जवाईबापू ओसरीत जेवायला बसले की त्या स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहत आणि मध्ये जो कोणी असेल त्याला सांगत, "त्यांले विचारा, भात वाढू का." मध्ये बहुधा मीच असे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जवाईबापूंना सासूबाईंचा एक शब्द थेट मिळाला नव्हता. "त्यायले मी पसंत नाही," ते मला म्हणत. "त्यायले पोरीसाठी मास्तर पाहिजे होता. तुमच्यावानी." यावर मी विषय रिन्यूअलकडे वळवी.

आणि एका वर्षी जवाईबापू नापास झाले. झापड बांधलेली असताना विमान उजवीकडे कलतंय असं त्यांच्या अंगानं सांगितलं, आणि एवढं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या या माणसानं नेमका त्या वेळी अंगावर विश्वास ठेवला. परीक्षकानं पुढच्या महिन्यात आणखी एक संधी दिली. शेटजींनी मात्र साफ सांगितलं की या खेपेला जमलं नाही तर विमानाला नवा मुलगा बघू, तुम्ही ऑफिसात टेबल सांभाळा. ज्याला उडण्याखेरीज जगातलं दुसरं काही येत नव्हतं, त्याला टेबल! जवाईबापू सौंसरला आले ते अर्धे होऊन.

काकाजींच्या घरामागे कापूस निघून गेलेलं मोकळं वावर होतं. तिथे चुन्यानं धावपट्टी आखली गेली. संत्र्याच्या टोपलीची एक बाजू कापून तिची झापड झाली. माझ्या शाळेतली पाटी आली, तिच्यावर होकायंत्र आणि गजराचं घड्याळ बांधलं. टोपली डोक्यावर, पाटी छातीशी धरून जवाईबापू वावरात उडू लागले, म्हणजे चालू लागले. ताईला टॉवर केलं होतं, पण तिला हसू आवरेना, म्हणून काकाजी बाज टाकून टॉवर झाले. ते फार बोलत. "डावीकडे घ्या, अजून घ्या, आता लय झालं, जराक उजवीकडे, राहू द्या, राहू द्या, म्हैस येऊन राहिली!" जवाईबापू टोपलीतून ओरडले, "मामाजी, टॉवरनं म्हैस म्हनू नाही! धावपट्टी मोकळी नाही, असं म्हना!" काकाजींनी म्हशीला हाकललं आणि मग पुढे यायची परवानगी दिली.

एका दुपारी जेवणानंतर उन्हात टॉवरचा डोळा लागला. ताई बाजारात गेली होती. मी बाजेच्या कडेला संत्रं सोलत बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष संत्र्यात होतं. जवाईबापू मोठ्या डौलात शेणखताच्या खड्ड्याकडे निघाले होते. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "डावीकडे वळा जवाईबापू! खड्डा आहे समोर!"

जवाईबापू आधी वळले, मग थिजले. काकाजी दचकून उठले. मी सोलत असलेलं संत्रं खाली ठेवलं. शेवटी दाराआडून काकूच मला म्हणाल्या, "टोपली डोक्यावर हाये तवर काही हरकत नाही. त्यांले कुठी मी दिसून राहिली?"

त्या दिवसापासून काकू टॉवर झाल्या. त्यांची तऱ्हा काकाजींच्या अगदी उलटी. जवाईबापू चुकले तरच त्या बोलत, तेही एखादाच शब्द. नीट चालले असतील तर चिडीचूप. पहिल्यांदा जवाईबापूंना ते जड गेलं. मध्येच थांबून विचारायचे, "मामीजी, आहे ना तुमी?" यावर काकू मला सांगत, "त्यांले म्हना, मी बोलली नाही म्हंजे बरोबर चालून राहिले." परीक्षेपर्यंत ते वावरात असेच चालले, आणि शेवटी शेवटी तर दोन-दोन फेऱ्या एकही शब्द न ऐकता पुऱ्या करू लागले.

परीक्षा झाली त्याच संध्याकाळी जवाईबापू एसटीनं थेट सौंसरला आले. आम्ही ओसरीत जमलो. चेहऱ्यावरून काही कळेना, कारण चेहरा त्यांचा काटा नव्हे. ते खाली बसले, पाणी प्यायले, आणि दाराकडे तोंड करून बोलू लागले.

"तेच झालं मामीजी. झापड बांधली, अन् आंग म्हने, उजवीकडे कलून राहिला. गेल्या खेपेसारखंच. हात शिवशिवला. मंग म्हटलं, मामीजी त काही बोलल्या नाही. म्हंजे सरळच हाये. अन् तसाच गेलो. झालं जी रिन्यूअल."

काकाजींनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की मला ठसका लागला. जवाईबापू मात्र दाराकडेच बघत होते. "लय घाबरलो होतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "अन् एक विचारायचं होतं. इतकी वर्षं तुमी माझ्याशी बोलल्या नाही. मले वाटे, मी पसंत नाही."

मध्ये मी होतो, पण या वेळी काकूंना माझी गरज पडली नाही. त्या उंबऱ्यात आल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चुकले असते त बोलली नसती का मी?"

मग भात वाढून त्या पुन्हा दाराआड गेल्या, आणि रीत पहिल्यासारखी चालू राहिली. जवाईबापू मात्र बदलले. बारा वाजायची वाट न बघता जेवायला मागू लागले. दाराआडून काही आवाज आला नाही की खुशीत आणखी एक पोळी घेत.

काही वर्षं ते उडाले. मग एका हिवाळ्यात आले ते पुस्तक न घेता. नजर मंदावली होती, हात पूर्वीसारखा स्थिर नव्हता. या खेपेला रिन्यूअल करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते सगळ्यांत आधी काकूंना सांगायला आले होते. "मामीजी," ते दाराकडे बघून म्हणाले, "आता नाही उडत मी. सोडून दिलं."

मला माझ्या जागेवरून काकू दिसत होत्या. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पदर तोंडाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. जवाईबापूंनी बराच वेळ कान देऊन वाट पाहिली. आतून काहीच आलं नाही, तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू निवळला.

"बरोबर केलं म्हंजे," ते मला म्हणाले. मी मान हलवली आणि माझे भरून आलेले डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून वावराकडे बघत राहिलो.