गजाला न पटलेला शेवट

“सुनंदा, माय बसली हाय काय समोर? असंन तं नुसतं हो-हो म्हन. दुसरा शब्द तोंडातून काढू नको.” फोन दादाचा होता, केनवडवरून, माझ्या माहेराहून. माय समोरच होती. कारंज्याच्या माझ्या घरात ओसरीवर पाय लांब करून ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी हो म्हणाले. मग दादानं सांगितलं की गजा, आमचा धाकटा भाऊ, वाशिमवरून मोटारसायकलनं घरी येत होता, रिठदच्या पुढे रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि गजा जागेवरच गेला. मी हो म्हणाले. “मायले कळू देऊ नको, डॉक्टरनं काय सांगतलं ते ध्यानात हाय ना?” हो. फोन ठेवला, तर मायनं विचारलं, “कोन होतं व?” म्हटलं, दादा, तुही तब्येत इचारत होता. “आन् गजाचं काय म्हने?” ... मी तिच्या पुढ्यातली टोपली ओढून घेतली आणि खाली मान घालून शेंगा सोलायला लागले. पाठचा भाऊ गेल्याचं ऐकून मी पहिलं काम हे केलं.

मायच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ती माझ्याकडे होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हाताऱ्या माणसाला कसलाही धक्का नको. त्यामुळे दादानं ठरवलं, काकांनी मान हलवली आणि मीही हो म्हणाले. आपल्याकडे हे असंच चालतं. घरातलं कोणी गेलं आणि म्हातारं माणूस आजारी असलं की आख्खं गणगोत एका रात्रीत नाटकमंडळी होऊन जातं. शेजारच्या बायका माझ्या गळ्यात पडायला आल्या, त्यांना मी फाटकाबाहेरच गाठून परत पाठवलं. मायला सांगितलं, गजाला पुण्याकडे काम लागलं, तिथं फोनची रेंज नाही. पुण्यात रेंज नाही! दुसरं काही सुचलं नाही, काय करू... मायनं मात्र ते मानलं. लेकीवर विश्वास ठेवणाऱ्या बाईला फसवायला फार अक्कल लागत नाही.

गजा कसा होता, हे सांगायला बसलं की मला आधी हसू येतं आणि मग स्वतःचाच राग येतो. चाळिशीला टेकलेला, लग्न जमलं नाही, दादाबरोबर शेती करायचा आणि सिनेमाचं नुसतं वेड. त्यातही एक इंग्रजी पिच्चर, हिंदीत बोलणारा. त्यातला हिरो उलटा चालायला लागला की काळ मागे जायचा. दहा पावलं उलटी टाकली की कालचा दिवस, आणखी टाकली की मागचं साल. हा आमचा घोडा केनवडच्या अंगणात उलटा चालून दाखवायचा आणि विहिरीवरच्या बादलीत पाय घालून आपटायचा. माय म्हणायची, “येड्या, मागं पाहून चाल.” तो म्हणायचा, “मागंच तं चाललो ना माय!” मी शिवणकाम करते हे त्याला माहीत, म्हणून एका पोळ्याला त्यानं माझ्याकडून बैलांसाठी निळ्या रंगाची झूल शिवून घेतली, वर त्या हिरोचं नारिंगी घड्याळ. मी म्हटलं, अरे बैलाच्या पाठीवर लोक मोर काढतात, नंदी काढतात, तू घड्याळ काय काढतो? पण ऐकेल तर गजा कसला. तोरणाखाली सगळ्यांच्या बैलजोड्या उभ्या राहिल्या आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, सुरू झाल्या, तेव्हा यानं छाती काढून आपली घरची झडती म्हटली:

काटा रे काटा, घड्याळाचा काटा,
हिरो चालला मागं, सोडा त्याच्या वाटा;
पेरून झालं वावर अन् पाऊस गेला पळून,
हिरो म्हणे थांबा लेको, आणतो त्याले वळून!

आख्खं गाव हसलं, आणि हर हर महादेव मात्र सगळ्यात मोठ्यानं याच्याच जोडीला मिळालं. दादा तेवढा लाजेनं बाजूला झाला होता.

त्या पिच्चरचा दुसरा भाग आला तेव्हा तो कितीदा पाहून आला, देव जाणे. सगळ्यांना पहिलाच भाग आवडलेला. दुसरा लांबलाय, त्यात हाणामारी कमी, रडारड जास्त, असं पोरं म्हणायची. गजा त्यांच्याशी पानठेल्यावर भांडायचा. मायच्या तपासण्यांसाठी आम्ही तिला अकोल्याला नेलं होतं, रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते आणि दादा मायजवळ बसला होता, तेव्हा यानं मला हाताला धरून टॉकीजमध्ये नेलं. मी कुरकुरतच गेले. आत बसल्यावर हा माझ्या कानात पुढचा डायलॉग आधीच म्हणायला लागला. पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळला. मी चिमटा काढला तेव्हा कुठे गप्प झाला. “पाह्य ताई, पहिल्या भागात नुसती ठोकाठोकी होती,” इंटरव्हलला समोसा खाता खाता तो म्हणाला, “यात मानूस हाय. मागं जाता येते म्हनून तो काही दुनिया सुधराले नाही जात. लहानपनीच्या घरात जाते आन् मायच्या हातचं जेवून येते बस. कोनी केलं का आजपर्यंत असं?” मी म्हटलं, जेवायलाच जायचं होतं तर एवढा खर्च काहून केला त्या लोकांनी? तो खो खो हसला. पण खरं सांगते, त्या जेवणाच्या जागी मलाही भरून आलं होतं. त्याला कळू दिलं नाही एवढंच.

शेवट असा होता. हिरो वाचणार नाही हे ठरलेलं. मग आपल्यामागे कोणी रडू नये म्हणून तो उलटा चालत जातो आणि एकेका दिवसातून स्वतःला काढून टाकतो. दोस्ताच्या लग्नाच्या फोटोतून हा गायब, शाळेच्या बाकावरून गायब, आणि शेवटी आईच्या ताटासमोरून गायब. आई एकटीच जेवत बसलेली दिसते, हसत. तिला कोणी लेक होता हेच माहीत नाही. टॉकीजमध्ये लोक डोळे पुसत होते, टाळ्या वाजवत होते. मीही पदर डोळ्याला लावला. आणि बाजूला पाहते तर आमचे साहेब रागानं लाल! इतका लाडका पिच्चर, पण शेवट आला की याचं डोकं फिरायचं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, काय वाईट आहे यात, किती मोठ्या मनाचा तो. तर रस्त्यात उभा राहून माझ्यावर ओरडला, “काह्याचं मोठं मन? त्याच्या मायले इचारलं काय त्यानं? तिचं दुखनं तिचं हाय. हा कोन ठरवनारा? आठवन काढून घेतली म्हनजे दुखनं जात नाही ताई, मानूस तेवढा जाते.” रिक्षावाले बघायला लागले होते. मी म्हटलं, बरं बाबा, चुकलं त्याचं, चल आता, रिपोर्ट आले असतील. तिसरा भाग येणार अशी चर्चा होती. त्यात हा शेवट दुरुस्त करतील, अशी त्याला खातरी होती. “तवा मायलेही घेऊन जाऊ,” म्हणाला.

तेरवीला केनवडला जायचं होतं. मायला सांगितलं, दादाच्या साळ्याकडे लग्न आहे. मी साधी सुती साडी नेसून निघाले तर माय चिडली. “लग्नाले चालली का बाजाराले? ते मोरपंखी नेस. लोकं काय म्हनतीन?” मी मोरपंखी नेसले. तिनं माझ्या केसात स्वतःच्या हातानं गजरा माळला आणि नवरीला द्यायला शंभराची नोट दिली. एसटीत बसल्यावर गजरा काढायला हात गेला, पण मायनं माळलेला म्हणून काढवेना. मंगरूळपीर गेलं, वाशिम आलं, शेजारची बाई विचारते, कोणाचं लग्न आहे? मी म्हणाले, भावाचं. का म्हणाले, माहीत नाही... केनवडला पोचल्यावर वहिनीनं दारातच मला आत ओढलं आणि साडी बदलून दिली. गजाच्या फोटोसमोर बसले तेव्हा केसांना मोगऱ्याचा वास येत होता. असली तेरवी वैऱ्यालाही नको.

परत आल्यावर माय विचारायची, “गजा आल्ता काय लग्नाले?” मी नाही म्हणायचे. हळूहळू तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, चला, विसरली, बरं झालं. कशाची विसरते! एका दुपारी ताट पुढे तसंच ठेवून बसली होती. म्हटलं, माय जेव ना, गोळ्या घ्यायच्या आहेत. तर म्हणाली, “गजा माह्यावर रागावला, नाही व? मी त्याले टाकून लेकीच्या घरी येऊन बसली. भाकरी कोन टाकून देत असंन त्याले... जाऊ दे. त्याले म्हना, नको येऊ. मायच्या दुखन्यात एक फोन नाही केला त्यानं. असा नोहता माहा लेक. पैसा दिसला की लेकरं बदलते.”

मला काय झालं ते कसं सांगू? अंगाची नुसती आग झाली. जो गजा मायचं ऑपरेशन सुरू असताना दवाखान्याच्या पायरीवर पाण्याचा घोट न घेता बसून राहिला, तो आता मायच्या लेखी पैशाला भुललेला नालायक लेक झाला होता. आणि हे आम्ही केलं होतं, मायेपोटी. आम्ही तिच्या लेकाला एकेका दिवसातून काढत होतो आणि त्याच्या जागी दुसराच कोणी वाईट माणूस बसवत होतो. अकोल्याच्या रस्त्यावर गजा असा लाल होऊन का ओरडत होता, ते मला आता कळलं. आणि कळलं तेव्हा तो नव्हता.

मी दादाला फोन लावला, आज मायला सांगते म्हणून. दादा भडकला. “डोकं फिरलं काय तुहं? मायले काही झालं तं तू जिम्मेदार राहाशीन!” मी म्हणाले, राहीन. “सिनेमातल्या गोष्टीवरून मायचा जीव घेतं काय?” मी म्हणाले, तो तुले सिनेमा वाटते दादा, गजाले वाटत नव्हता. फोन ठेवला. तोंडानं मोठं बोलून गेले होते, पण भीती खरी होती. एकाच महिन्यात भाऊ आणि माय दोन्ही घालवून बसले असते तर दादाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. माझ्या नवऱ्याला गाडी दारात लावून ठेवायला सांगितली, डॉक्टरांना फोन करून ठेवला, गोळी हातात घेतली. मग मायजवळ बसले आणि सांगितलं. सरळ सांगितलं. माय, गजा रागावला नाही. गजा गेला.

मायनं विचारलं, “जेवला होता काय त्या दिवशी?” मी म्हणाले, हो माय, वहिनीनं डबा दिला होता. “कवा गेला?” ते सांगितलं तेव्हा तिनं माझा हात झटकला. “म्हनजे मी त्याले शिव्या देत होती आन् तो...” आणि मग ती जी रडली! छाती धरून, लेकाचं नाव घेऊन, आख्खी गल्ली गोळा झाली इतकी रडली. मी गोळी पुढे केली, तिनं हात मारून उडवली. तिला काही झालं नाही. रडता रडता एकच म्हणायची, “तोंड तं पाहू द्याचं होतं व मले. एक डाव तोंड पाहू द्याचं होतं.” सांगितलं हे बरं केलं, असं सगळे म्हणतात आता, दादासुद्धा. पण तिच्या लेकाचा चेहरा तिला मी दाखवू शकत नाही. कितीही पावलं उलटी टाकली तरी तो दिवस काही हाती येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला केनवडला नेलं. तेरवी होऊन गेली होती, तरी गावातल्या बाया पुन्हा बसायला आल्या, जणू कालच घडलं. माय भिंतीला टेकून बसली आणि त्यांना गजाचं सांगायला लागली. लहानपणचं सांगितलं, बादलीत पाय घालून पडल्याचं सांगितलं, हसलीसुद्धा. मग म्हणाली, “एक पिच्चर होता बाप्पा त्याचा. तो पाहून आला की माह्या बाजीवर बसे आन् मले सारा सांगे. मी काई टॉकीजात गेली नाही, पन मले पाठ हाय.” आणि टॉकीजची पायरीही न चढलेली माझी माय तो पिच्चर सांगायला लागली. हिरो उलटा चालतो, लहानपणच्या घरी जातो, मायच्या हातचं जेवतो, सगळं बरोबर. तिच्या सांगण्यात तो पिच्चरमधल्यासारखं सूप पीत नव्हता, बेसन-भाकर खात होता, एवढाच फरक. बाया पदराआडून ऐकत होत्या. मी मात्र घाबरले. आता शेवट येणार, आता ती त्या एकट्या जेवणाऱ्या आईपाशी येणार, आणि ते तिला कसं सोसेल...

“शेवटी मंग तो जाते,” माय म्हणाली. “वाचत नाही बिचारा. पन जाता जाता मायजवळ येते, तिच्या मांडीवर डोकं ठेवते आन् सांगते, माय, मी चाललो. मंग सारं गाव येते तिच्या दारात. ज्याले त्याले त्याची आठवन. लय रडते ते माय, पोटभर रडते.” डोळे पुसून तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू तं गेल्ती त्याच्यासंग अकोल्याले. असाच हाय ना व सुनंदा शेवट?”

“हो माय,” मी म्हणाले, “असाच हाय.”