मुद्देमाल : गोधडी एक

झोपडीचा तुराट्यांचा कूड आम्ही दोघांनी मिळून बांधला. मी आणि माझ्या बायकोनं एकत्र केलेलं ते शेवटचं साधं काम. ती आतून सुतळी द्यायची, मी बाहेरून ओढायचो. म्हणाली, "जमादार, तुमच्या गाठीला शेळीबी ऱ्हायाची न्हाई. चोर कसे धरता?" मी हसलो. त्यानंतर आठवडाभरात जे घडलं ते विसरीन म्हटलं तरी विसरू देत नाही. मी फार शिकलेला नाही, येतं तसं लिहितो. नाव कुणाचं घेणार नाही.

निजामाचं राज्य होतं आणि प्लेगचे दिवस होते. उंदीर पडले की गावं उठायची, घरं उघडी टाकून माणसं माळावर झोपड्या घालायची. आमचं ठाणंही गेवराईबाहेर माळावर आलेलं. एका रांगेत शिपायांच्या झोपड्या, त्यात माझी. डॉक्टरचा हुकूम होता, उठलेल्या गावातून कापडाची चिंधीही बाहेर आणायची नाही. मला दरोडेखोराची भीती कधी वाटली नाही, उंदराची लई वाटायची. घरी आलो की अंगरखा बाहेर टांगून मगच आत जायचो. मूलबाळ नव्हतं. आत ती एकटीच होती.

त्यातच हैदराबादच्या कायदे करणाऱ्या मजलिशीची निवडणूक आली. रयतेला मत नव्हतं. आमच्या भागातल्या वकिलांनी आपल्यातला एक मेंबर निवडायचा. दोन वकील उभे होते, मतं सारखी. ऐन मतांच्या आधी एक म्हातारा वकील नाहीसा झाला. त्याचं मत ज्याला पडायचं होतं तो एका मतानं पडला, दुसरा निवडून आला. ठाण्याचे अमीनसाहेब मला म्हणाले, "म्हातारा आणा, न्हाईतर मुडदा आणा. वरून रोज विचारणा आहे."

दोन दिवसांनी तलवाड्याकडचा एक धनगर ठाण्यावर आला.

"जमादार, आमच्या बाजूच्या उठलेल्या गावात कुत्री हायेत."

"मग? कुत्री गावात न्हाई तर काय कचेरीत ऱ्हातेत?"

"मानसं गेल्यावर तिथं कशाला ऱ्हातील? तीबी भाकरीमागं माळावर येतेत. ही चार एकाच दाराम्होरं बसून हायेत. आत कुनीतरी भाकर टाकतंय. एक गाडीबी येती-जाती."

मी गुन्ह्यांचे बरेच मागमूस पाहिले, पण असा कुणी सांगितला नव्हता. गाडीवान धरला. अमीनसाहेबांनी दोन तास मारलं, तो बोलला नाही. मी म्हणालो, "साहेब, मार बंद करा. याला माझ्याकडं द्या." त्याला घेऊन त्या गावाच्या वेशीपर्यंत चालत गेलो.

"चल बे, आत बसू दोघं. संध्याकाळी सोडतो."

गडी मटकन खाली बसला. "नगा जमादार! मी वेशीतूनच भाकरी फेकून देतो. तिसरं घर. तोंड बांधल्याल्या दोघांनी म्हाताऱ्याला आत घातलं. कोन व्हते, देवाशपथ ठाव न्हाई."

मार खाईल, पण आत जाईना. खरं सांगतो, माझेही पाय पुढं पडत नव्हते. पण बरोबर कुणी आलं नाही. एकटा गेलतो.

उन्हं आत यावीत म्हणून घरांची छपरं उचकटलेली. दारं सताड उघडी. कुठं जातं नाही, कुठं पाळणा नाही, माझ्या वहाणांचाच आवाज. उंबऱ्याशी उंदीर फुगून पडलेले. मी धोतर गुडघ्यावर धरून चाललो. तिसऱ्या घरापुढं कुत्री होती. आत म्हातारा एका गोधडीत गुंडाळून पडलेला, थंडीनं कुडकुडत. चालता येईना. गोधडीसकट पाठीवर घेतला आणि बाहेर आणला. तिथंच डॉक्टरचा हुकूम मोडला.

म्हातारा जगला, पण घाबरलेला. "मी कुनाला पाह्यलं न्हाई," एवढंच म्हणायचा. राहिली ती गोधडी. लिंबाखाली पंचनामा झाला. अमीनसाहेब म्हणाले, "ठाण्याला दार न्हाई. मुद्देमाल तुझ्याकडं ठेव." मी ती झोपडीत नेली नाही, बाहेर बाभळीवर टाकली.

सकाळी कामावरून आलो तर बायको ती मांडीवर घेऊन बसलेली.

"अगं, टाक ती! कुठली हाय, ठाव हाय का?"

"ठाव हाय. माझ्याच हातची हाय."

मी जवळ जाऊन वाकलो.

"अवं, टाका बघा की. कोपऱ्याला उलटा टाका मीच घालते. बीडला व्हतो तवा वकिलीणबाईंनी शिवून घेतली. हे काळं ठिगळ त्यांच्या मालकाच्या शेरवानीचं."

ते मालक म्हणजे निवडून आलेले वकील. केस फुटली! मी धावत अमीनसाहेबांना घेऊन आलो. त्यांच्यासमोर तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. गोधडी पुन्हा अंथरली, उलटली, कोपरे दाखवले. ती म्हणाली, "तुमच्यापेक्षा मीच बरी जमादार." आम्ही सगळे हसलो. माझी भीती त्या अर्ध्या तासात कुठं गेली होती, हे मी अजून स्वतःला विचारतो.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मी काखेत हात घातला, तर गाठ. "मला सांगू नगा," म्हणाली, "मला कळलंय." रांगेतल्या झोपड्या दुपारपर्यंत लांब सरकल्या. पाणी कुणी आणून द्यायचं ते वीस पावलांवर ठेवायचं. चौथ्या दिवशी ती गेली. खांद्याला तिघेच आले.

पोलिसाला पुरावा सापडला की आनंद होतो, आणि आनंदात माणूस सावधपणा सोडतो. या केसनं मला एवढंच शिकवलं. भित्रा पोलीस वाईट म्हणतात. मी म्हणतो, भीती सांभाळून ठेवावी, घरच्या माणसासाठी तरी. ते वकील पुढं पुन्हा पुन्हा निवडून आले. मजलिशीत साथीच्या रोगांवर बोलले म्हणतात, चांगलंच बोलले असतील. त्यांच्यावर खटला उभा राहिला नाही, तो माझ्यामुळं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेबांनी निरोप धाडला : मुद्देमाल घेऊन ये, बीडला पाठवायचा आहे. घेऊन जाणारा शिपाई नवा होता, नुकतं लग्न झालेला. बायको त्याच्या झोपडीच्या दारात उभी होती. मी गोधडी काठीवर घेतली, माळाच्या टोकाला नेली आणि काडी लावली.

अमीनसाहेब लांबूनच ओरडले, "जमादार, नोकरी जाईल!"

"जाऊ द्या साहेब."

शेरवानीचं ठिगळ लवकर पेटेना. ते मी काठीनं विस्तवात दाबून धरलं.