द्रासला आईचा सत्कार झाला

द्रासला जायचं ठरलं ते डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी येताना. डॉक्टरांनी आईचे रिपोर्ट पाहिले आणि तिच्यासमोरच सांगून टाकलं, की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि आहे ती किती टिकेल हेही सांगता येत नाही. मला वाटलं, आई रडेल. ती रिपोर्टची पिशवी घेऊन रिक्षात बसली. धायरी फाट्याच्या सिग्नलला म्हणाली, "डोळे हायेत तवर मले सुन्याची जागा पाह्यची हाये."

सुन्या म्हणजे माझा मोठा भाऊ सुनील. मी त्याला दादा म्हणायचो. कारगिलच्या लढाईत तो गेला तेव्हा मी यवतमाळला बारावीत होतो. पेटी आली, मिरवणूक निघाली, चौकाला नाव दिलं. सोबत आलेल्या सुभेदारांनी सांगितलं की डोंगराच्या एका धारेवर गेला, तिला नाव नाही, नकाशात फक्त उंचीचा आकडा आहे. दरवर्षी जुलैत द्रासच्या स्मारकावरच्या कार्यक्रमाचं बोलावणं यायचं आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, "तिथं जाऊन काय पाह्यचं? गोटे?" बाबांपुढे आईनं कधी तोंड उघडलं नाही. पुढे मला हिंजवडीत नोकरी लागली, धायरीत फ्लॅट घेतला, दोघांना इकडे आणलं. मागच्या वर्षी बाबाही गेले. या वेळचा जुलै होऊन गेला होता आणि पुढच्या जुलैपर्यंत थांबायची आईची तयारी नव्हती.

रजेचा प्रश्न नव्हता. मंदीमुळे आमचं प्रोजेक्ट बंद पडलं होतं आणि मी बेंचवर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेंचवर असणं म्हणजे रोज कंपनीच्या बसनं जायचं, दिवसभर काम नसलेल्या खुर्चीत बसायचं आणि आपल्याला कधी काढतात याची वाट पाहायची. रजा मागितल्यावर मॅनेजरचं लगेच उत्तर आलं, "एन्जॉय!" इतकी तत्परता त्यानं एरवी कधी दाखवली नव्हती.

एकट्यानं आईला घेऊन झोजिला ओलांडायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून एका मराठी टूरमध्ये नावं घातली. श्रीनगरला उतरायचं, सोनमर्ग, द्रास, कारगिल करत लेहला पोचायचं आणि तिथून विमानानं परत. दोघांचा मिळून माझा साधारण दीड पगार गेला. तुमच्यासोबत वयस्कर माणूस असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि पुण्याचं प्रीपेड कार्ड काश्मीरमध्ये चालत नाही हे घरच्यांना सांगून निघा. नाहीतर ते उगाच काळजी करत बसतात.

श्रीनगरला ग्रुप जमला. बहुतेक निवृत्त मंडळी, पुण्याच्या पेठांमधली नाहीतर कोथरूडची. टूर लीडर मंदार, पंचविशीतला, घसा बसलेला. मी त्याला बाजूला घेऊन आईचं सगळं सांगितलं आणि एवढीच विनंती केली, की द्रासला कार्यक्रमपत्रिकेत पाऊण तास दिलाय, तिथं जरा जास्त थांबू या. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "दादा, तुम्ही काळजीच करू नका." मी खरंच केली नाही. करायला हवी होती.

झोजिलाचं वर्णन तुम्ही इतरत्र वाचालच. पहाटे लवकर निघा, घाटात गाड्या एका वेळी एकाच बाजूनं सोडतात, उशीर झाला तर ट्रकांच्या मागे अर्धा दिवस जातो. आमच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर होत्या. निघताना प्रत्येक गाडीपुढे मंदारनं नारळ फोडला. पुण्याहून त्यानं नारळांचं पोतंच आणलं होतं. खाली दरीत पाहून काकू मंडळींनी डोळे मिटले आणि स्तोत्रं सुरू केली. आई मात्र काचेला नाक लावून बसली होती. डावीकडून तिला आता फारसं दिसत नाही, म्हणून मी तिला उजवीकडच्या खिडकीशी बसवलं होतं.

"एवढ्या थंडीत तो काय घालत असन रे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "त्यांना सगळं देतात आई."

"सगळं देतात," ती म्हणाली आणि पुन्हा बाहेर पाहू लागली.

घाट संपला की झाडं संपतात. मग नुसते उघडे, राखी डोंगर. द्रासच्या बाजारात राजमा-चावल खाल्ला, गरम होता, याहून जास्त त्याच्याबद्दल आठवत नाही. स्मारक गावाच्या पुढे हमरस्त्यालाच लागून आहे. फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं, तिकीट नाही. आत गेलात की सरळ वाट, दोन्ही बाजूंना झेंडे, समोर गुलाबी दगडाची भिंत आणि भिंतीवर नावं. मागे तोलोलिंगचा डोंगर इतका जवळ, की मान वर करावी लागते.

दादाचं नाव मी शोधलं. आईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला लिहिता-वाचता येतं, पण तिनं ते बोटानंच वाचलं. इथपर्यंत ती सावरलेली होती.

माहिती सांगणारा जवान तरुण होता, बिहारकडचा. कोणती चढाई कुठून झाली ते हातातल्या काठीनं दाखवत होता. मी त्याला धारेचा आकडा सांगितला. तो थांबला, आईकडे पाहिलं, आणि आम्हाला बाजूच्या कठड्यापाशी घेऊन गेला. "तोलोलिंग के पीछे, वो जो बादल है ना माताजी, उसी के अंदर है. यहाँ से पूरा दिखता है. हवा चलेगी तो खुलेगा. खुलते ही मैं खुद आकर दिखाऊँगा, ठीक कौन सी जगह." मग तो दुसऱ्या ग्रुपकडे गेला.

आई कठड्याला धरून उभी राहिली. पिशवीत घरून आणलेली मेणबत्ती होती. घरी बुद्धाच्या मूर्तीशेजारी दादाचा फोटो आहे, तिथं आई रोज संध्याकाळी मेणबत्ती लावते. जागा दिसली की इथंही एक लावायची, असं तिनं ठरवलं होतं. ढग पांढरा, जाड, हलायचं नाव घेत नव्हता. आम्ही वाट पाहत होतो आणि मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी आई काहीतरी मागून घेत होती आणि ते तिला मिळणार होतं.

तेवढ्यात काळे काका आले. काळे काका म्हणजे आमच्या ग्रुपमधले सर्वांत उत्साही गृहस्थ, त्यांच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह. मंदारनं त्यांना सगळं सांगितलं होतं, अर्थात चांगल्या मनानं. पुणेकराला एखाद्याबद्दल मनापासून आदर वाटला, की तो काय करतो हे तुम्हाला माहीत आहे. सत्कार करतो. काकांनी श्रीनगरलाच शाल घेऊन ठेवली होती. नारळ मंदारच्या पोत्यातला. उपाहारगृहातून एक खुर्चीही त्यांनी मागून आणली होती.

"वहिनी, आपण इकडे बसा," काका म्हणाले. "अगदी घरगुती कार्यक्रम आहे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काका, आपण नंतर करू या का?"

"अरे, नंतर मंडळी पांगतील. पाच मिनिटं."

खुर्ची कठड्यापाशी ठेवली, तोंड आमच्याकडे आणि पाठ डोंगराकडे, कारण फोटोत मागे डोंगर यायला हवा. आई बसली. मोठ्या माणसांनी बस म्हटलं की ती बसते. काकांनी प्रास्ताविक केलं. मग परिचय. मग "मी दोन शब्द बोलतो" म्हणून बरेच शब्द. वीरमाता, त्याग, आजची तरुण पिढी, आयटीवाल्यांची चंगळ. इथं माझ्याकडे एक कटाक्ष. बोलता बोलता काकांनी रुमालानं डोळे पुसले आणि ते खोटं नव्हतं. काळे काकू हळदीकुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या, आईच्या कपाळाकडे पाहून मध्येच थांबल्या आणि करंडा परत पर्समध्ये ठेवला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या.

"आता ग्रुप फोटो!" काकांनी आपला जुना रोलचा कॅमेरा मंदारच्या हातात दिला. डिजिटलवर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही सगळे आईच्या मागे आणि बाजूला दाटीनं उभे राहिलो. मंदारनं डोळा लावला आणि आनंदानं ओरडला, "वा! काय बॅकग्राउंड आलंय! हलू नका कुणी!"

लांबून तो जवान हात हलवत पळत येत होता. काळे काकू म्हणाल्या, "बघा, त्यालाही फोटोत यायचंय वाटतं." सगळे हसले. हसण्यामुळे फोटो हलला असणार, म्हणून मंदारनं लगेच दुसरा काढला आणि तिसऱ्यासाठी पुन्हा डोळा लावला.

मी मान मागे वळवली. ढग नव्हता. तोलोलिंगच्या मागे ती धार उन्हात लख्ख उभी होती, जवळ, तिच्यावरच्या घळीसुद्धा दिसत होत्या.

"आई, ऊठ! आई, मागे बघ!"

"अरे, हलू नका ना!" मंदार ओरडला.

आई हललीच नाही. कुणीतरी हलू नका म्हटलं होतं. मी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं, मांडीवरचा नारळ घरंगळला, तो उचलायला काका वाकले, शाल खुर्चीच्या हाताला अडकली. गर्दीतून तिला कठड्यापाशी वळवून उभं केलं, तोवर खालून नवा ढग चढला होता. कुणी मोबाइल काढेपर्यंत सगळं पांढरं झालं. जवान धापा टाकत पोचला. "अभी था माताजी," तो म्हणाला. "अभी था."

आम्ही थांबलो. ग्रुपही थांबला, कुणी कुरकुर केली नाही, हे मला लिहायलाच हवं. मंडळी गाडीत बसून राहिली, काकांनी दोनदा चहा पाठवला. जवानाची ड्युटी संपली, दुसरा आला. आई कठड्याला धरून उभीच होती. उन्हं कलली तेव्हा तीच म्हणाली, "चाल. लोकं खोळंबले."

मेणबत्ती पिशवीतच राहिली.

कारगिलच्या हॉटेलात मी म्हटलं, उद्या आपण दोघंच टॅक्सीनं परत जाऊ. मंदारनंही चौकशी केली, पण द्रासकडचा रस्ता दरड कोसळून बंद होता, कधी सुरू होईल कुणाला माहीत नव्हतं, आणि आईला चढणीवर धाप लागायला लागली होती. तिला ते सांगितलं तेव्हा ती पलंगावर मोजे काढत बसली होती.

"त्यानं तोंड दाखोलं होतं," ती म्हणाली. "मीच पाठमोरी बसली."

मी पुष्कळ बोललो. ढगांचं शास्त्र सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ म्हटलं. पुढच्या वर्षी तिला काय दिसणार आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती ऐकत होती, मधूनच "हो" म्हणत होती.

लेहबद्दल लिहायला हवं, पण मला तिथलं फार आठवत नाही. आकाश खूप निळं होतं, सगळ्या मठांमध्ये पायऱ्या होत्या आणि तिन्ही दिवस ढगाचा ठिपका नव्हता. विमानतळावर तपासणीत पिशवीतला नारळ काढून ठेवला. आईनं "राहू द्या" म्हटलं.

घरी येऊन महिना झाला. लोक विचारतात, जावं का? जा. रस्ता चांगला आहे, स्मारक नीट ठेवलंय, जवान आपुलकीनं बोलतात. वयस्कर माणसांना आत जाण्याआधीच विचारा त्यांना काय हवंय, आणि तेवढंच करा. मला कुणावर तरी रागवायचं आहे. मंदारवर रागवता येत नाही, तो गाडीत ढसाढसा रडला. काकांवर रागवता येत नाही. मी "नंतर करू या का" असं विचारलं होतं, "नको" म्हणायला हवं होतं. पण तेही आता कशाला. ज्याच्यासाठी गेलो ते झालं नाही आणि पुन्हा होणार नाही, एवढंच या प्रवासाचं शिल्लक आहे. मेणबत्ती एका गुरुवारी वीज गेली तेव्हा स्वयंपाकघरात लावली.

मागच्या आठवड्यात काळे काका स्वतः घरी आले. दोन बस बदलून, काखेत फोटोची मोठी फ्रेम. फोटो फार सुंदर आलाय. आई खुर्चीत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, भोवती आम्ही सगळे हसतोय आणि मागे ती धार, अगदी स्वच्छ.

आईनं फ्रेम खिडकीशी नेली, काचेला नाक लागेल इतकी जवळ धरली. "यातली सुन्याची जागा कोन्ती?"

काका माझ्याकडे पाहू लागले. नेमकी जागा आम्हाला कुणी दाखवलीच नव्हती. फोटो स्कॅन करून दादाच्या पलटणीला पाठवायचं मी तेव्हाच ठरवलं, दुसऱ्या दिवशी पाठवलाही. उत्तर अजून नाही. पण ती त्या क्षणी विचारत होती. मी तिचं बोट धरलं आणि काळे काकूंच्या डोक्याच्या वर, धारेवर एका घळीपाशी टेकवलं.

"हे होय?"

"हो."

आता फ्रेम मूर्तीशेजारी आहे. रोज सकाळी आई तिथं उभी राहते आणि त्या जागेवर बोट ठेवते. परवा बसला निघताना सहज लक्ष गेलं, तर तिचं बोट काकूंच्या पदरावर होतं. बराच वेळ होतं. मी बूट घातले आणि निघालो.