तोडून वाचायचं नाही

"थांब. तोडून वाचायचं नाही."

मी फळ्यासमोर उभी होते. उल्हासनगरचं कॉलेज, नर्सिंगचं पहिलं वर्ष, शरीररचनेचा तास. फळ्यावर मानेतल्या एका स्नायूचं नाव. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉईड. मॅडमचा नियम होता, नाव एका दमात वाचायचं. आणि उठवायच्या त्या मराठी शाळेतून आलेल्या आम्हा तिघींनाच. रोज.

मला तोडल्याशिवाय येत नाही. अंबरनाथला घरी आई मजुरीवर जीन्सचे सुटलेले धागे कापते, मी शेजारी बसून शब्द कापते. प्रत्येक तुकड्याला अंगावर बोट. स्टर्नो, छातीचं हाड. क्लायडो, गळ्याखालचं. मॅस्टॉईड, कानामागचं. त्या दिवशी घाबरले आणि बोट आपोआप छातीवर गेलं.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंग चाचपत वाचतात होय तुमच्यात? सवलतीवर यायचं आणि वर ही नाटकं."

तुमच्यात. माझी जात मॅडमना माहीत होती, वर्गाला नव्हती. आता झाली. जागेवर जाऊन बसले, तर शेजारच्या मुलीने तिची पाण्याची बाटली उचलून पलीकडे ठेवली.

घरी आईला सांगितलं. तिची कात्री थांबली नाही. "गप ऱ्हा बाई. मार्क तिच्या हातात हायेत. नापास झालीस तर हितंच बसशील, माझ्या बाजूला."

खरं होतं. म्हणून गप्प राहिले. रोज उठायचे, अडकायचे, मान खाली घालून बसायचे. मग घरीसुद्धा अंगाला बोट लावायची लाज वाटायला लागली. आपल्याच अंगाची लाज. त्या लाजेची मला मॅडमपेक्षा जास्त भीती वाटली.

पुन्हा माझं नाव पुकारलं तेव्हा फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. बोट छातीवर ठेवलं.

"मी तोडूनच वाचणार, मॅडम." आवाज चिरकला.

"बाहेर हो."

"वाचून झालं की जाते."

वाचलं. तीन तुकडे, तीन ठिकाणी बोट. या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर जाऊन भिंतीला टेकले.

तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. घेणार मॅडमच. नापास करतील, करू देत. पुन्हा परीक्षेला बसेन. पुन्हा तोडेन. घाबरतच जाईन, पण बोट खाली घेणार नाही.