म्हात्रे सरांचा गाळ

अलिबागच्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभाग म्हणजे दोनच माणसं: म्हात्रे सर आणि त्यांचा सहायक मी. तरी किस्से एवढे साठलेत, की सांगताना हसावं की शिव्या द्याव्यात तेच कळत नाही.

गेली बारा वर्षं सरांचा विषय एकच. समुद्रतळाचा गाळ भूपट्टाबरोबर खोल ओढला जातो, त्यातला काही शिलारसात मिसळतो आणि ज्वालामुखीतून पुन्हा वर येतो. अंदमानच्या लाव्हात असा गाळ किती, हे त्यांना शोधायचं होतं.

*

अंदमानला जायला सरांनी प्राचार्यांकडे रजा मागितली. प्राचार्यांनी विचारलं, रायगडात ज्वालामुखी आहे का? सर म्हणाले, इथले कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झाले, आणि त्यांची जात वेगळी.

"मग अंदमानच्या कॉलेजात अर्ज करा!"

सर दिवाळीच्या सुट्टीत गेले. तिथल्या एका संशोधकाकडून लाव्हाचे तुकडे मागून आणले.

*

सरांची आई रेवदंड्याला सुकी मासळी विकायची. हा करतो तरी काय, असं तिने एकदा मलाच विचारलं. मी सगळं समजावलं. बोंबील उलटत ती म्हणाली, "दर्यात टाकलेलं दर्या ठेवत न्हाय. याला बारा वर्सं लागली?"

सर म्हणाले, तिचं बरोबर आहे, फक्त तिच्याकडे मोजमाप नाही.

*

मोजायचं यंत्र मुंबईच्या एका संस्थेत होतं. तुकडे घेऊन आम्ही निघालो, तर मांडव्याच्या जेट्टीवर रखवालदाराने पिशवी उघडली. मुंबईत दगड संपले काय, म्हणत त्याने एक तुकडा गंमत म्हणून पाण्यात भिरकावला.

बोटीत सरांनी उरलेले तुकडे मोजले. मग म्हणाले, "इथला समुद्रतळ भूपट्टाबरोबर खाली जातही नाही. तो तुकडा कायमचा गेला."

*

उरलेल्या तुकड्यांनी काम केलं. लाव्हातलं शिसं आणि समुद्राच्या गाळातलं शिसं एकाच जातीचं निघालं. त्या दिवशी सरांनी वर्गात गाळ खाली जाऊन वर येतो ती आकृती तीनदा काढली.

संस्थेच्या प्रमुखांनी आकडे 'नुसते बघायला' मागितले. सरांनी आलेखासकट पाठवले.

पुढे पुण्याच्या परिषदेत प्रमुखांनी तोच आलेख पडद्यावर दाखवला. खाली नाव फक्त त्यांचं. आम्ही शेवटच्या रांगेत. मी उठायला लागलो, तर सरांनी मनगट धरून खाली बसवलं.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर सर स्वतःच उभे राहिले.

"डावीकडून तिसरा ठिपका चुकलाय," ते म्हणाले. "चूक माझीच. मी नंतर सुधारली, तुम्हाला कळवायचं राहिलं."