बर्फ मागणारे विसपुते काका

विसपुते काका पहिल्यांदा आमच्या दारात आले ते बर्फ मागायला. डिसेंबरचे दिवस, आखातातल्या अल ऐनमध्येसुद्धा संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो, आणि हा साठीकडे झुकलेला माणूस स्टीलची बादली घेऊन उभा. "फ्रीजरमधले असतील नसतील ते ट्रे दे. माझ्याकडचा संपला." मला वाटलं, कुणाला तरी सडकून ताप भरलाय. मी धावतपळत ट्रे काढले, त्यांच्या मागोमाग गेलो, तर हे गृहस्थ मागच्या अंगणात एका अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपाशी उकिडवे बसून मातीवर बर्फ पसरताहेत. पिंपात काय, तर डाळिंबाच्या चार वाळक्या काटक्या!

"झोपवतोय याला," ते म्हणाले. "थंडी लागल्याशिवाय हा झोपत नाही, आणि झोप झाल्याशिवाय फूल धरत नाही. यल्ला, चल, अजून एक ट्रे आण."

एका अरबाच्या व्हिलाचे तीन भाग करून आम्ही राहायचो. पुढे मी आणि माझी बायको मंजिरी, बाजूला साइटवरचा फोरमन सावंत, आणि मागच्या खोलीत एकटे काका. आम्ही तिघे पुरुष एकाच बांधकाम कंपनीत. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे नकाशांवर नंबर टाकून ते कपाटात लावणारा. काका अ‍ॅडमिनमध्ये, अठरा वर्षं. मूळचे सटाण्याचे, घरी डाळिंबाची बाग. पण तिकडच्या डाळिंबाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "लाडावलेलं झाड ते," म्हणायचे. त्यांच्या काड्या कंपनीच्या ओमानी ड्रायव्हरने सीमेपलीकडच्या उंच डोंगरावरून आणून दिल्या होत्या. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं म्हणे, आणि ही झाडं पानं टाकून उघडी उभी राहतात. काकांची अशी चार पिंपं होती. नोव्हेंबर आला की त्यांचं पाणी तोडायचं, पिवळी पानं हाताने ओरबाडायची, पिंपं सावलीच्या भिंतीला लावायची आणि रोज संध्याकाळी बर्फ.

"काका, बर्फाने काही होत नाही. नेटवर वाचलंय मी," मी एकदा शहाणपणा केला.

"नेटने कधी डाळिंब लावलंय का?" एवढंच विचारून ते पुन्हा कामाला लागले. आणि फेब्रुवारीत त्या काटक्यांना लालभडक फुलं आली, तेव्हा मला मुद्दाम हाताला धरून नेऊन दाखवली.

मग २००८ संपता संपता मंदी आली. दुबईत क्रेन थांबल्याचं ऐकून आम्ही अल ऐनमध्ये बसून मोठ्या अकलेच्या गोष्टी करत होतो. त्या अकलेची हवा पहिल्याच गुरुवारी गेली. शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून काढून टाकल्याची लेटरं गुरुवारी वाटायची, आणि ती वाटायचं काम विसपुते काकांचं. खाकी पाकीट हातात धरून ते टेबलांमधून चालत यायचे. सगळा मजला कीबोर्डवर वाकलेला असायचा, कुणी खोकायचंसुद्धा नाही. ते पुढे गेले की मागे खुर्च्या कुरकुरायच्या.

मला त्यांची भीती वाटायला लागली. सरळच सांगतो, बर्फ मागायला आले तरी आधी त्यांच्या हातात पाकीट नाही ना ते बघायचो. मंजिरीला दिवस गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की बाळंत होईपर्यंत विमानाचं नाव काढायचं नाही, पडून राहायचं. नोकरी गेली की व्हिसा गेला, इन्शुरन्स गेला, महिन्याभरात देश सोडायचा. जायला बंदी आणि राहायला बंदी! मी रोज आंघोळ करताना हाच हिशेब करायचो आणि साबण तसाच अंगावर वाळायचा.

त्या नोव्हेंबरात काकांनी एक पिंप ओढत आणून आमच्या भिंतीला लावलं. "याला तू सांभाळ. फळ सप्टेंबरात."

दार लागताच मंजिरी म्हणाली, "ऐकलंस? सप्टेंबर म्हणाले! म्हणजे तोपर्यंत आपण आहोत. त्यांना लिस्ट माहीत असणार ना?" मला ते शंभर टक्के पटलं. आम्ही दोघं शिकलेली माणसं, एका झाडावरून नोकरीचं भविष्य बघत बसलो. सावंतला हे कळलं तेव्हा तोही सरळ काकांकडे गेला, एक तरी काडी द्या म्हणून. तो मार्च महिना होता. "आता नाही," काका म्हणाले. "वेळ गेली तुझी. डिसेंबरात यायचं होतंस." सावंत परत आला तो पांढराफटक पडून. दोन गुरुवार गेले आणि त्याच्या हातात पाकीट आलं. त्या दिवसापासून आमच्या पिंपाकडे मी देव्हाऱ्याकडे बघावं तसा बघू लागलो.

आमच्या झाडाला मात्र फूल आलंच नाही. झालं होतं असं, की जानेवारीत त्या उघड्या काटक्या दारात बघून मंजिरीला धसका बसायचा. पोटुशी बाई, तिला ते मेलेलं वाटायचं. तिने गुपचूप पाणी घातलं, चांगलं आठवडाभर. काकांनी मातीला बोट लावलं आणि ओळखलं. "घाबरून घातलंस ना पोरी? घाबरलेल्या माणसाने झाडाजवळ जाऊ नये. त्याला नको ते देतो आपण." रागावले नाहीत. रिकामी बादली उचलून मागच्या अंगणात गेले.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ते माझ्या टेबलाशी थांबले. हातात पाकीट. "सुहास, जरा आत ये," त्यांनी फाइलरूमकडे मान केली. मी त्यांच्या मागोमाग गेलो. मंजिरीला आठवा लागला होता. हिला सांगू कसं, आणि हिला घेऊन जाऊ कुठे, एवढंच डोक्यात. आत गेल्यावर त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे मला दे."

"अं?"

"पोचपावतीवर दोन सह्या लागतात. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्हीकडे मीच कशी करणार? दुसऱ्या कुणाच्या हातून नको वाटलं."

मी नाव वाचलं. विसपुते. आणि माझ्या तोंडून चक्क 'हुश्श' निघालं. त्यांच्या तोंडावर! हसूही आलं असणार, कारण गाल ताणलेले मला जाणवले. मग अशी लाज वाटली की मान वर होईना.

"असू दे रे," काका म्हणाले. "तुम्हाला वाटायचं मला सगळं आधी कळतं. लिस्ट गुरुवारी सकाळी नऊला यायची. मी पहिलं माझं नाव शोधायचो. नसलं की मीही असाच हसायचो, फक्त दार लावून. मग तोंड नीट करून पाकिटं उचलायची."

"मग सावंतला तुम्ही वेळ गेली म्हणालात ते?"

"काडीची वेळ गेली म्हणालो, बाबा! पानं फुटल्यावर काडी धरत नाही."

"आणि आमचं पिंप?"

"तुमच्या भिंतीला ऊन कमी लागतं."

मी देणाऱ्याच्या जागी सही केली. त्यांनी घेणाऱ्याच्या जागी केली. "घाबरलोय रे मी," ते हळूच म्हणाले. "या वयात मला कोण ठेवून घेणार? आणि घरी जाऊन सकाळी उठून करू काय?" मी त्यांचा दंड धरून उभा राहिलो, तेवढंच.

महिन्याभराने जाताना त्यांनी बाकीची तीन पिंपंही आमच्या भिंतीला आणून लावली. तिन्ही फुललेली होती. "नोव्हेंबरात पाणी तोडा. दया दाखवू नका. आणि फळ कसं निघालं ते फोनवर खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका." मंजिरीने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, तर ओरडलेच तिच्यावर. ते गेले आणि चौथ्या दिवशी आम्हाला मुलगी झाली, अल ऐनमध्येच, सुखरूप.

त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळी मॅनेजरने मला काकांच्या ऑफिसातल्या खोलीत बोलावलं. "एकदा पाकीट तुम्ही दिलेलं आहे. प्रोसीजर तुम्हाला माहीत आहे," म्हणाले, लिस्ट माझ्यापुढे सरकवली आणि निघून गेले. सात नावं होती. मी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नव्हतं. मी उठलो आणि दार लावून घेतलं.