काकांच्या बाटलीला नवं बूच

बूचवालीला शेवटचं नावानं कुणी हाक मारली, ते तिलाही आठवत नाही. वाइनच्या तळघरात ती बाटल्या विसळायला लागली, तेव्हा तळघर चालवणाऱ्या काकांनी एकदा गंमत म्हणून तिला घोटभर दिली. "कशी आहे?" त्यांनी विचारलं. "रुसलेली," ती म्हणाली. काका हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला बूच बसवायच्या यंत्रापाशी उभं केलं.

काम असं, की जपून ठेवलेल्या जुन्या रेड वाइनचं बूच कुजत आलं की लोक बाटली इथे आणतात. ती बाटली उघडते, चमचाभर चाखते आणि वाइन अजून काही वर्षं टिकणारी असेल तरच तळघराच्या शिक्क्याचं नवं बूच बसवते. जिचे दिवस भरत आलेत तिला बूच नाही, मग आणणारा कितीही तालेवार असो. हा नियम काकांचाच. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी घरात वाइन ठेवून बघावी, असं ते म्हणायचे.

आज समोर खुद्द काकाच बसले होते. काम सोडून बरीच वर्षं झालेली, औषधांनी जीभ बधिर, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर. बाटली त्यांच्या मुलाच्या जन्मसालातली. तळघराचा धंदा मुलाला नको होता, त्यावरून बापलेकांत वाजलं आणि "पुन्हा घरात पाऊल टाकू नकोस" म्हणून काका मोकळे झाले. मुलगाही हट्टात बापाच्या वरताण. तो आपणहून येईल त्या दिवशी ही फोडायची, असं काकांनी ठरवून टाकलं होतं.

जुन्या बुचाचा हातात भुगाच आला. पेल्यात वाइनच्या कडेला विटकरी झाक होती. वास सुकलेल्या चेरीचा, ओल्या मातीचा, जुन्या चामड्याचा. एरवी जीभ आवळून धरणारी रेड वाइन इथे मऊसूत उतरली, आणि गिळल्यावरही चव रेंगाळत राहिली. इतकी सुंदर वाइन तिनं जन्मात चाखली नव्हती. पण अगदी शेवटी आंबटपणाची बारीकशी कळ लागली. हिचेही दिवस भरत आले होते.

"झालं ना चाखून? लाव बूच," काका म्हणाले.

लावलं असतं तर कुणाला कळणार होतं? वर्षभरात वाइन आंबली असती, पण म्हाताऱ्याची आशा शाबूत राहिली असती. तिचा हात यंत्राच्या दांड्यावर गेला आणि तिथेच अडला.

"काका, ही आजच्याइतकी चांगली पुन्हा कधीच नसणार. आजच प्यायला हवी."

"मला अक्कल शिकवतेस? बूच लाव म्हणतो ना!"

"नाही लावणार." तिनं दांड्यावरचा हात काढून घेतला. "शिव्या घाला, पुन्हा तोंड बघू नका माझं. पण नाही लावणार."

काकांनी बाटली हिसकावली. आता आपटतात की काय, म्हणून ती पुढे झाली. त्यांनी बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि दाबूनच धरला.

"फोन लाव त्याला," शेवटी ते म्हणाले. नंबर त्यांना तोंडपाठ होता.

तिनं फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून "कोण?" आलं. पुन्हा आलं. इतकी वर्षं सुनावायचे शब्द जुळवून ठेवलेल्या माणसाला त्यातला एकही सापडेना.

"मी," काका म्हणाले. "तू येशील म्हणून थांबलो होतो रे. आता नाही थांबवत. ये."